एक्केचाळिसावा

१६ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. भावोजींचा गुडघा कसा आहे? भाचीची परीक्षा तोंडावर आली असेल, तिला म्हणावं जागरणं करू नकोस. इकडे थंडीने बोटं वळत नाहीत, अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घे.

फोनवर त्याचा विषय निघाला की तुझी भाजी करपायला लागते आणि तू फोन ठेवतेस. म्हणून हे पत्र.

ताई, दादा सापडला.

नोव्हेंबरात, शाळेमागच्या उड्डाणपुलाखाली. मी आमच्या संस्थेच्या फेरीवर होते. दाढी छातीपर्यंत आलेली, पायांत दोन तऱ्हांचे बूट. मी "दादा" म्हणाले, तर त्याने मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्याच कोणाला हाक मारली असं समजून. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "जाड झालीस." मी तिथेच फुटपाथवर बसून हसले आणि रडले.

आता त्याला खोली मिळाली आहे. तू नेहमी विचारतेस ना, तुझं काम नेमकं काय? संस्थेने एका इमारतीचे तीन मजले घेतलेत, अठरा खोल्या. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला आधी खोली द्यायची. दारू सोड, औषध घे, मग खोली, असं नाही. आधी दार, कडी, स्वतःची किल्ली. बाकीचं नंतर, त्याच्या कलाने. मी आठवड्यातून दोनदा प्रत्येकाकडे जाते. डॉक्टर, कागदपत्रं, गॅस कसा बंद करायचा, सगळं बघते. एकाला आम्ही वकील म्हणतो. नळाला पाणी कमी आलं की तो नळालाच नोटीस देतो, तीही लेखी.

दादा पहिला आठवडा जमिनीवर झोपला, बूट उशाला घेऊन. आता पलंगावर झोपतो. गोळ्या घेतो. त्याच्या कानातले आवाज अजून आहेत, पण "शेजारच्या घरात भांडण चालावं तसे" झालेत म्हणतो. आमच्या संस्थेच्या प्रमुख मॅडमनी त्याला सुई, दोरा, खळ आणून दिलीय. आमची फाटकी रजिस्टरं तो बांधणार आहे. बांधणीतला त्याचा हात तुला ठाऊकच आहे.

लोकांसमोर तो मला बाई म्हणतो. तसं ठरलंय आमचं.

पुलाखाली त्याच्या शेजारी एक शिवणवाली बसायची. तिने त्याचा कोट शिवून दिला होता. तिची चौकशी करतो अधूनमधून. असो.

एकदा येऊन बघ त्याला. तुझ्यावर त्याचा राग नाही. निदान बोलून तरी दाखवत नाही.

तुझी,
धाकटी


२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. या वेळी ख्यालीखुशाली विचारत नाही, कारण विचारत बसले तर पुन्हा मुद्द्याचं राहून जाईल. मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नव्हतं. पण खरं होतं ते लिहिलं नव्हतं.

अठरा खोल्यांसाठी आमच्याकडे यादी असते. डिसेंबरात एक खोली रिकामी झाली, तेव्हा पहिलं नाव त्या शिवणवालीचं होतं. चौदा महिने थांबली होती ती. पाय सुजून खांबासारखे झालेले, तरी येणाऱ्याजाणाऱ्याची बटणं लावून द्यायची. मला म्हणायची, "बाई, खोलीला खिडकी असेल ना? डोळ्यांना उजेड लागतो हो माझ्या."

दादाचा नंबर एक्केचाळिसावा होता.

नियम असा, की पहिला माणूस तीनदा शोधूनही सापडला नाही, तर ज्याची तब्येत सगळ्यांत वाईट असेल त्याला खोली देता येते. शिफारस मी करायची. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "शिवणवाली : तीनदा शोधले, सापडली नाही." खाली दादाचं नाव घातलं. माझं आडनाव सासरचं, नातं कोणाला कळणार?

ज्या दिवशी हे लिहिलं, त्या दिवशी सकाळी मी त्या दोघांना चहा नेऊन दिला होता, ताई. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

मी मनाशी म्हटलं, पुढची खोली तिचीच. महिन्या-दोन महिन्यांचा तर प्रश्न. नवव्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. त्या आठवड्यातली थंडी तुला आठवत असेल. अंगावर शिवायला आलेले दुसऱ्यांचे कपडे घेतले होते तिने, एकावर एक.

तिला उचलून नेलं तेव्हा मी तिथे होते. कागदावर नातेवाईक म्हणून कोणाचंच नाव नव्हतं. मी पुन्हा इमारतीत आले, दादाच्या खोलीत गेले. तो खिडकीशी बसून दाढी करत होता. म्हणाला, "शिवणवालीचा नंबर कधी लागणार गं?" मी म्हटलं, "मोठ्या इस्पितळात आहे ती. बरी होतेय." त्यानंतर महिनाभर त्याने दर भेटीत विचारलं आणि दर भेटीत मी तिला थोडी थोडी बरी करत नेली.

मग मॅडमनी त्याच्याकडे रजिस्टरं दिली.

बांधणाऱ्याला पानं क्रमाने लावावी लागतात, म्हणजे वाचावी लागतात. हे मला कसं सुचलं नाही कोण जाणे. त्या दिवशी मी त्याच्याकडे गेले, तर रजिस्टर बांधून तयार. कणा ताठ, कोपरे बसवलेले, नव्यासारखं. तो म्हणाला,

"त्या दिवशी सकाळी तू आम्हा दोघांना चहा दिलास ना?"

"हो."

"ती कपाचा काठ तुटलाय म्हणून हसली होती."

"हो, दादा."

"मग सापडली नाही असं का लिहिलंस?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी."

"ती कुठे आहे?"

मला आणखी खोटं बोलता आलं नाही. सांगितलं. तो ओरडला नाही, काही फेकलं नाही. त्याने ओरडायला हवं होतं. त्याने फक्त विचारलं, "माझा नंबर कितवा होता?" मी सांगितला. त्याने रजिस्टर उचललं, खाली जाऊन मॅडमच्या टेबलावर ठेवलं, वर किल्ली ठेवली आणि म्हणाला, "एक्केचाळिसावा आला की बोलवा."

मी त्याच्यामागे धावले. वकील जिन्यात उभा होता. "बाई, हा असा काय चाललाय?" म्हणाला. मी त्याला म्हटलं, "तो माझा भाऊ आहे." पहिल्यांदाच चारचौघांत म्हटलं.

मॅडमना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी रजिस्टर उघडून ती ओळ वाचली. मग म्हणाल्या, "तुझ्या जागी मी काय केलं असतं, ते मला विचारू नकोस. पण उद्यापासून यादीला हात लावायचा नाहीस." सोमवारी समितीपुढे जायचंय. नोकरी जाणार हे नक्की. जावी.

दादाच्या खोलीबद्दल त्या म्हणाल्या, चूक त्याची नाही, खोली त्याचीच. स्वतः पुलाखाली गेल्या समजवायला, डॉक्टरांना घेऊन गेल्या. तो त्यांच्याशी नीट बोलला. "तुमचं म्हणणं बरोबर आहे," म्हणाला, "पण मला तिथे झोप लागणार नाही." शेवटी त्याने लिहून दिलं आणि परवा खोली दुसऱ्या नंबरच्या माणसाला गेली. तो हमाल आहे, पाठ मोडलेली. खिडकी उघडून उभा राहिला होता. मला त्याचा आनंद बघवला नाही. काय झालंय माझं!

दादा आता तिच्या जागेवर बसतो. गोळ्या बंद केल्यात. खोकल्यातून रक्त पडतंय. डॉक्टर म्हणतात, घरात ठेवून औषध दिलं तर सुधारेल, असंच राहिलं तर उन्हाळा बघणार नाही. माझ्या घरी दोन खोल्यांत आम्ही सहाजण आहोत, तरीही मी नेणार होते. तो येत नाही. "तुझ्याकडचं काही नको," म्हणतो.

म्हणून तुला लिहितेय.

ताई, आईचं घर विकलं तेव्हा तो इस्पितळात होता. कागद तू आणलेस, पण त्याच्याकडून सही घेताना खाटेवर त्याचा हात मी धरला होता. तो विचारत होता, "मग मी कुठे जाणार?" आणि आपण दोघी म्हणालो, बघू नंतर. सहा वर्षं झाली त्याला. तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. आपण दोघींनी मिळून त्याला बाहेर काढलं आणि मग मी एकटीनेच, चोरून, दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून ते भरून काढायला गेले. त्यात ती बाई गेली.

तुझी मागची खोली रिकामी आहे. तिथे कोणाचा नंबर मारला जाणार नाही. तू नेलंस तर तो येईल असं मला वाटतं. खात्री देऊ शकत नाही. लहानपणी आईचं न ऐकता तो तुझं ऐकायचा, एवढंच माझ्या हातात आहे.

भावोजी नाही म्हणतील. तू त्यांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, चालेल. मी तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही, हवं तर तसं लिहून देते. पण त्याला ने.

स्टेशनवरून शाळेकडे जाणारा रस्ता, पुलाचा तिसरा खांब. मी रोज पाचला तिथे जाते. तो माझ्याशी बोलत नाही, पण मी बसले तर उठूनही जात नाही. काल खोकल्याची उबळ आली तेव्हा मी पाठीवर हात ठेवला, तो त्याने राहू दिला.

पत्राचं उत्तर लिहू नकोस. तेवढा वेळ नाही. यायचं असेल तर थेट ये.

तुझी, आणि तो म्हणू देईल तेव्हा त्याची,
धाकटी