धातूची झडप

चिमे,

तुझ्या हृदयाची झडप दुरुस्त होण्यासारखी उरली नव्हती, बदलणंच भाग होतं. तू तपासणीला आत असताना सर्जननी मला दोन पर्याय सांगितले. धातूची झडप जन्मभर टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची आणि बाळंतपण जिवावरचं. प्राण्याच्या ऊतीची बसवली तर मूल होऊ देता येतं, पण दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा ऑपरेशन.

तू म्हणालीस, "ताई, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू म्हणशील तिथे सही करते." मी तुला फक्त धातूचीच सांगितली. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून वाट पाहायची माझ्यात हिंमत नव्हती.

ऑपरेशन होऊन काल हॉस्पिटलमधून घरी निघताना तू नवऱ्याला म्हणालीस, "आता वर्षभरात ताईला मावशी करायचं हं."

मी म्हणाले, "आधी गाडीत बस. ऊन लागतंय."

तुझी,
हे पत्र अजूनही तुला न दिलेली ताई