शेहेचाळीस ठोके

प्रिय पुतळे,

हे पत्र तुझ्या नातीच्या, मैनाच्या हातून पाठवते आहे. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस. 'जेवलीस का गो'पासून सुरू करतेस आणि शेजारणीच्या गुडघ्यांवर आणून सोडतेस. म्हणून कागद. चष्मा लाव, ओटीवर बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच फाडलंस तर माझी शपथ आहे तुला.

आधी पोरीवर ओरडू नकोस. बुधवारी सकाळी ही जिते स्टेशनावरून गाडीत बसली ती थेट रोह्याला माझ्या दारात. म्हणाली, 'सगुणाआजी, रविवारी कबड्डीच्या जिल्हा संघाची निवड हाय आनि आजी मला सोडत नाय.' कारण काय, तर कॉलेजात तपासणी झाली, नाडी अठ्ठेचाळीस भरली, आणि ते ऐकल्याबरोबर तू तिचे बूट कपाटात घालून कुलूप लावलंस. सतरा वर्षांची घोडी, पण डोळ्यांतून टिपूस नाही. ओठ चावून उभी, अगदी तुझ्यासारखी. मी तिला चहा दिला आणि ठेवून घेतलं.

तुला आठवतं ना गो? मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते. दादाने घेऊन दिलेलं सेकंदकाट्याचं घड्याळ मनगटावर, आणि काय तो माझा तोरा! दिसेल त्याची नाडी धरत सुटले होते. दाजीच्या बैलाने पाय पुढे केला असता तर त्याचीही मोजली असती. आपण साऱ्याजणी तुमच्या अंगणात बसलो होतो. रंभाची अठ्ठ्याहत्तर, धोंडुबाईची ब्याऐंशी. मग तू हात पुढे केलास. शेहेचाळीस. पुन्हा मोजली, पुन्हा शेहेचाळीस. पुस्तकात लिहिलं होतं साठ ते शंभर. आणि आपल्याकडे नाडी मंद झाली म्हणजे माणसाला अखेरचं जमिनीवर खाली घ्यायची वेळ झाली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो. माझं तोंड पांढरंफटक पडलं. तू मात्र हसत होतीस. सकाळपासून मिठाच्या चाळीस पाट्या बांधावर चढवून आली होतीस आणि संध्याकाळी कबड्डीच्या सरावाला जायचं होतं तुला. चार दिवसांनी तुझी निवड होती, इथेच रोह्याला.

मी गप्प बसायला हवं होतं, नाहीतर तुला डॉक्टरकडे तरी न्यायला हवं होतं. मंद नाडी आजारातही असते, तपासायला काहीच हरकत नव्हती. मी दोन्ही केलं नाही. तुझ्या आयेला बाजूला घेऊन सांगितलं की पुतळीचं काळीज कमजोर आहे. ती बिचारी म्हणाली, 'पोरीच्या जिवापेक्षा खेल मोठा नाय.' खलास! निवडीला तू गेली नाहीस. मिठागर सुटलं. लग्न ठरवताना तुझ्या आयेने खरेपणाने सांगून टाकलं की पोर छातीची नाजूक आहे. जावा पाट्या वाहायच्या, तू दारात बसून वालाच्या शेंगा सोलायचीस, आणि सासू म्हणायची, बाहुली आणलीय घरात. गौरीच्या नाचाला फेर धरायला सगळ्या उठायच्या, तू छातीवर हात ठेवून कडेला टाळ्या वाजवायचीस. तू, जी एका दमात तिघींना बाद करून परत यायचीस! मी दर वर्षी ते बघत होते गो.

असो. मैनाला घेऊन गुरुवारी डॉक्टरांकडे गेले. हृदयाचा आलेख काढला, सोनोग्राफीसारखी तपासणी केली, मग तिला चालत्या पट्ट्यावर चढवलं. पट्टा हलायच्या आधीच पोरीची नाडी ऐंशीवर! घाबरली होती ना. मग पट्टा पळायला लागला तशी नाडी चढली, एकशे वीस, दीडशे, शेवटी एकशे नव्वद. रक्तदाबाचा वरचा आकडा चढला, खालचा जागचा फारसा हलला नाही. तोंड लाल, घामाच्या धारा, आणि ही हसतेय. उतरल्यावर एका मिनिटात नाडी चाळीसने खाली. थोड्या वेळाने पुन्हा पन्नाशीत. डॉक्टर म्हणाले, इतकं ठणठणीत हृदय मी महिन्यात पाहिलं नाही.

ते समजावून सांगत होते आणि मी मान हलवत होते. तुला आपल्या भाषेत सांगते. मोठी कळशी असली की पाण्याच्या खेपा कमी लागतात. सतत कष्टाने, पळण्याने हृदयाची कळशी मोठी होते, एका ठोक्यात जास्त रक्त जातं. मग बसल्या जागी त्याला घाई कशाला? आणि धावताना पायांना रक्त हवं असतं, तेव्हा शरीर खाडीच्या बांधावरच्या उघाड्यांसारखं, त्या पाणी सोडायच्या दारांसारखं करतं. पोटाकडची थोडी मिटवायची, पायांकडची सताड उघडायची. म्हणून तर भरल्या पोटी पाटी उचलू नये असं आपल्या म्हाताऱ्या सांगायच्या. काही शिकल्या नव्हत्या, पण माझ्यापेक्षा शहाण्या होत्या.

रिपोर्ट सोबत आहेत. खाली डॉक्टरांची सही आहे, खेळायला हरकत नाही म्हणून. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, त्या सहीवर ठेव.

आता जे सांगायला हा कागद घेतला ते. हे मला गुरुवारी नव्याने कळलं असं नाही, पुतळे. दुसऱ्या वर्षाला वर्गात बाईंनी शिकवलं होतं, खेळाडूंची आणि कष्टकऱ्यांची नाडी मंद असते आणि ती ताकदीची खूण असते. त्या दिवशी मी वहीत एक अक्षर लिहिलं नाही. तुझं लग्न होऊन तीन महिने झाले होते. आज सांगू, उद्या सांगू असं करत राहिले. गावात मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले होते ना, ते सोडवेना. मग तुझी बाळंतपणं आली, मग सांगून काय उपयोग असं वाटायला लागलं, आणि अशी अडतीस वर्षं गेली. तू आजारी कधीच नव्हतीस. तुला बसवून ठेवली ती मी. माझी लाज मी गिळून बसले असते मरेपर्यंत, पण पोरगी ओठ चावून दारात उभी राहिली आणि मला ते जमेना. पाकिटात तेच घड्याळ ठेवलंय, नवा सेल घालून. मैनाच्या मनगटावर बोटं ठेव आणि मोज, मग तिचे बूट काढून दे. मग स्वतःची मोज. शेहेचाळीस येणार नाही आता, ऐंशीच्या घरात येईल. तो आकडा बघून तुला मला जे बोलायचं असेल ते रविवारी मैदानावर येऊन बोल, चारचौघांत बोल. मी सकाळी आठपासून तिथे उभी असेन.

तू ठेवशील तशी, तुझीच
सगुणा