आईच्या लिंबावरचा दिवा

तौनोदादा,

मी आईकडे इस्पितळात चाललेय. कॉफी थर्मासमध्ये आहे, राय धान्याचा पाव फडक्यात गुंडाळून ठेवलाय.

आज दुकान बंद व्हायच्या आत आईच्या कुंडीतल्या लिंबाच्या झाडावर लावायला नवा दिवा आण. "पेटतोय की, मग कशाला बदलायचा?" असं म्हणू नकोस. हे दिवे जुने झाले तरी आपल्या डोळ्यांना लख्खच दिसतात, पण झाडाला पुरत नाहीत. फांद्या बघ, लांब आणि किडकिडीत होऊन स्वयंपाकघरातल्या उजेडाकडे वाकल्यात, पानं पिवळी पडून गळतायत. आई दर वर्षी हिवाळ्यात इथला सूर्य उगवायचा थांबण्याआधीच दिवा बदलायची. यंदा तिच्या आजारपणात ते राहून गेलं. नवा जरा वीतभर वर टांग, नाहीतर पानं करपतील.

काल तिने विचारलं, "लिंबू कसंय?"

मी म्हटलं, "छान आहे."

"साइमी, खोटं बोलताना तू खिडकीकडे बघतेस," ती म्हणाली.

तिला आता घरी सोडणार नाहीत, इस्पितळातूनच वृद्धाश्रमात हलवायचं म्हणतायत. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. दिवा लावून झाला की तू तिकडेच ये. माझ्या एकटीच्याने ते सांगवणार नाही.

साइमी