बसमधली आई आणि इतर टुकार सिनेमे

४ डिसेंबर
टुकार! आजचाही टुकार. हिरो पोलीस. गुंडाला धरायचं सोडून केसांवरून हात फिरवतोय. गुंडही बिचारा थांबलाय — ह्याचं आटपू दे म्हणून. शेवटी गुंडाला पश्चात्ताप होतो. कशाने? तर गाण्याने!

ताईला सांगताना तो पश्चात्ताप काढून टाकला, गुंडाला पार पळवून लावलं. ताई पोटुशी आहे, डॉक्टरीणबाईंनी खाट सोडायची नाही म्हणून बजावलंय. तिचा सिनेमा म्हणजे मी. भिकार शेवट तिच्या माथी कशाला मारू? खाटेलगतच्या पडद्यापलीकडे दाजींचं शिलाई मशीन चालू असतं. त्यांच्या मते सिनेमा म्हणजे रिकामटेकड्यांचं दुखणं.

१० डिसेंबर
दाजी जेवताना माझ्याशी बोलले, पण ताटाकडे बघून. नव्या वर्षात इथं राहायचं तर काम धरायचं, नाहीतर आपली वाट.
मला काय, बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस. कुठेही पाठ टेकतो. पण ताईचे दिवस भरत आलेत. तिला असं टाकून जायचं?

११ डिसेंबर
बक्षीसवाला सिनेमा. एक माणूस भिंतीकडे बघतो. मग भिंत दाखवतात. शेजारचा घोरत होता — जाणकार असावा.

१५ डिसेंबर
थिएटरच्या टकलू मॅनेजरने गाठलं. नवीन काही लागलं की मी हजर, हे त्याने हेरलंय. म्हणाला, वर्षातले तुझे आवडते पाच सिनेमे फळ्यावर लिही, दारात लावू, वर्षअखेरीला तेच पुन्हा दाखवू. लोक खूश झाले तर दारावर तिकिटं फाडायला तूच.
काम! पण आवडते? तेही पाच? ह्या वर्षी? उकिरड्यावर उभं करून म्हणतात, फुलं वेच. त्यापेक्षा थिएटरच्या खुर्च्यांवर लिहिलं असतं. दाराकडच्या रांगेतली एक आहे, तिची स्प्रिंग बरोबर दुःखाच्या प्रसंगाला टोचते. सबंध वर्षात मला रडवलं ते तिनेच.

१६ डिसेंबर
ताईला विचारलं. ती विचार करायलासुद्धा थांबली नाही.
“बसमधल्या आईचा पहिला! बस थांबवून उतरते, पळून गेलेल्या पोराच्या आधी कानाखाली काढते, मग पोटाशी धरते. अरे, किती रडले होते मी.”
बाकीचे चारही तिनेच सांगितले. मी फळ्यावर उतरवले. अक्षर बरं आलं. वर ठळक लिहिलं — आईने काढलेली कानाखाली चुकवू नका!

२७ डिसेंबर
घोटाळा! खेळ सुटल्यावर लोक खवळले. कानाखाली कुठाय? मी आत जाऊन पुढचा खेळ शेवटपर्यंत बघितला. आई उतरतच नाही! काचेला हात लावते, बस निघून जाते, संपलं. कानाखाली माझी होती. ताई पुन्हा पुन्हा सांगायला लावायची, मीही सांगायचो, आणि शेवटी मलाच खरी वाटायला लागली.
टकलूने फळा पुसला, आणि मलाही. म्हणाला, “घरी जा आणि स्वतःचा सिनेमा काढ.”
आणि ही पब्लिक! पहिल्यांदा लागला तेव्हा ह्याच शेवटाला टाळ्या पिटत होती. काय भुक्कड आहे, हे कळायला माझा फळा लागला.
घरी सांगून टाकलं. ताई भिंतीकडे तोंड करून पडली. दाजी नुसते “हं” म्हणाले. परवा सामान बांधायला घेतो.

३१ डिसेंबर
दाजी आज मशीन बंद ठेवून दुपारच्या खेळाला गेले. आयुष्यात पहिल्यांदा! आले ते फणफणत, चप्पल न काढता ताईच्या खाटेशी बसले.
“काहीतरीच दाखवतात. बाई बसमधून हलत नाही. आपला चांगला होता.”
मग माझी बांधलेली वळकटी पायाने खाटेखाली सारली. “शुक्रवारी कुठला लागतोय?”