फाइल कुणी कुणी उघडली

१४ सप्टेंबर, रविवार

प्रिय ताई,

पत्र बघून दचकशील. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि पुढे काही नाही, म्हणून शेवटी कागद पुढ्यात ओढला. शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण तुझ्या नव्या घराचा पत्ता माझ्याकडे नाही. शिपायाने स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर हातात दिलं तर तिथे फोडू नकोस. पर्समध्ये टाक आणि घरी जाऊन वाच.

इकडे तसं बरं आहे. आईचा गुडघा पावसाळी हवेत कुरकुरतो, पण जिने चढायचं ती काही सोडत नाही. वॉशिंग मशीन बिघडलं, दुरुस्त करणारा तीनदा येऊन गेला आणि आता पहिल्यापेक्षा मोठा आवाज करतं. मावशी दर आठवड्याला येते, चहा पिते आणि जाताना न चुकता म्हणते, "मी काय मुद्दाम केलं का?" कुणी काही विचारलेलं नसतं. आई तुझी खुशाली मला विचारते, आणि मी जणू तुझी सेक्रेटरी असल्यासारखी सांगते, "कामात असेल."

माझ्या कामाबद्दल तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. तू विचारायचीस तेव्हा म्हणायचे, "लिपस्टिक विकतो, अजून काय." एप्रिलपासून मला फोनवरून काढून दुसऱ्या टेबलावर बसवलंय. खिडकी नाही, पंखा आहे, समोर खोक्यांचा ढीग. इथे लोकांची एकच मागणी येते. माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय आहे ते दाखवा, आणि मग पुसून टाका. मी ते सगळं गोळा करून पाठवते. ताई, किती असतं म्हणून सांगू. कुणी कोणता रंग घेतला, कोणता परत केला, कुणाला कशाची खाज सुटली, कोण पार्सल शेजारणीकडे ठेवू नका म्हणतं. लोक आरशाला जे सांगत नाहीत ते आम्हाला सांगतात. केसांचा रंग जुळवायला आम्ही डोक्याचे फोटो मागवतो. साइटवर लिहिलंय की रंग जुळला की फोटो काढून टाकू. ते काम कुणाचं हे कधी ठरलंच नाही, त्यामुळे एकही फोटो आजवर निघालेला नाही.

सरळ मुद्द्यावर ये, असं तू म्हणत असशील. येते. जरा वळसा घेऊ दे.

आमच्या कंपनीची तीन दुकानं आहेत. साइटवर नावं वेगळी, रंग वेगळे, पण गोदाम एक आणि ऑफिसही एक. मेकअपचं दुकान तुला माहीत आहे, तिथली क्रीम मी तुला आणून द्यायचे. पार्लरवाल्यांना माल देणारं दुसरं. आणि तिसरं, केसांचं. ते आमचंच आहे हे तुला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तू तिथून काही मागवलंच नसतंस.

मंगळवारी सकाळी तुझी मागणी माझ्या टेबलावर आली. आमच्याकडे मागण्या पाळीने येतात, त्यात कुणाचा हात नसतो. काय ठेवलंय, कुणी पाहिलं, ते कळवा, असं तू लिहिलं होतंस. कारणाच्या रकान्यात बहुतेक लोक काहीच लिहीत नाहीत. तू लिहिलंस, "माझी एक खासगी गोष्ट घरात फुटली. मी एका माणसाला दोष दिला आणि कायमचं तोडलं. त्या माणसावर अन्याय झाला का, एवढंच मला कळायला हवं."

तर ऐक. झाला. तुझ्या पार्लरवाल्या मैत्रिणीने, कात्रीने, काहीही सांगितलेलं नाही, आईला नाही, मावशीला नाही, कुणालाच नाही. मी सांगितलं.

हे वाक्य लिहायला मला सकाळचे दोन तास लागले. आता लिहिलंय तर पुढचं सगळं सांगते, नाहीतर पुन्हा वॉशिंग मशीनवर येईन.

गेल्या नोव्हेंबरात मी फोनवर होते. केसांच्या दुकानाची मुलगी रजेवर, म्हणून तिची कामं माझ्याकडे आली होती. एक परत आलेलं पार्सल होतं, डोक्यावर लावायची पावडर, रंग चुकलेला. स्क्रीनवर तुझं नाव, तुझा नंबर. मला वाटलं, शाळेच्या नाटकासाठी असेल. त्या वेळी मी काही वाईट केलं नव्हतं, एवढं तरी मला म्हणू दे. काम म्हणून उघडलं होतं. फोटो दिसला. वरून काढलेला, तूच हात उंच करून काढलेला, मागे न्हाणीघरातली हिरवी फरशी. कानाच्या वर रुपयाएवढी चाई, तिथे एकही केस नाही.

तिथे थांबायला हवं होतं. नात्यातल्या माणसाची फाइल आली तर दुसऱ्याला द्यायची, अशी पहिल्याच दिवशी आमच्याकडून सही घेतात. मी दिली नाही. डिसेंबरात पुन्हा उघडली. जानेवारीत दोनदा, फेब्रुवारीत दोनदा. कुणी सांगितलं नव्हतं, काम नव्हतं, फक्त तुझं काय चाललंय ते बघायला. रुपयाची बशी झाली, बशीची ताटली झाली. मग क्लिपचा अर्धा विग, मग चिकटवायची टेप, फेब्रुवारीत पूर्ण विग, गडद तपकिरी, खांद्यापर्यंत. आणि त्याच दिवसांत तू घरी यायचीस, मी तुझ्या डोक्याकडे बघायचं टाळायचे आणि म्हणायचे, "आज केस छान बसलेत." तुला बरं वाटावं म्हणून. तुला कसं वाटलं असेल याचा विचार आता करते.

तू मला लहानपणापासून चोमडी म्हणतेस. मी रुसायचे. बरोबरच होतं तुझं. तुझी डायरी वाचली तेव्हा तू आठवडाभर बोलली नव्हतीस, आणि मी आईला सांगितलं होतं की ती उघडीच पडली होती.

नऊ फेब्रुवारी, तुला आठवतो का? तू फोन केलास. म्हणालीस, "पुढच्या रविवारी ये. दोघीच बसू. जरा बोलायचंय." मला कळलं कशाबद्दल ते. आणि मी घाबरले. तू सांगणार आणि मला पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड करावं लागणार. मला नाटक येत नाही, तुला माझ्या तोंडावरून सगळं कळतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मी म्हटलं, ताप आलाय. ताप नव्हता. तू म्हणालीस, "बरं, राहू दे, घाई नाही." त्यानंतर तू पुन्हा कधी बोलावलं नाहीस.

त्याच रविवारी मी आईला सांगितलं. भाजी निवडत बसलो होतो. आई म्हणाली, "थोरली हल्ली सुकल्यासारखी दिसते." आणि मी बोलून गेले. काळजीने बोलले असं मी इतके महिने स्वतःला सांगत आले. काळजी होतीच. पण ताई, खरं सांगायचं तर मला माहीत आहे आणि आईला नाही, हे मला पोटात मावत नव्हतं. सांगितल्यावर हलकं वाटलं. इतकं हलकं वाटलं की त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

"कुणाला बोलू नकोस," मी आईला म्हटलं. आई म्हणाली, "मी कशाला बोलू?" आणि बहिणीला बोलली. मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे आपल्या घरात कुणाला माहीत नाही? पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मार्चमधली आईची सत्तरी, घरभर माणसं, केक कापून झालेला, आणि मावशी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "पोरी, आता किती उरलेत गं खालचे?" तिला माया दाखवायची होती. विग मागे सरकला. तू दोन्ही हातांनी धरलास, चप्पल न घालता खाली उतरलीस. तुझ्या चपला घेऊन मी जिन्यापर्यंत आले आणि थांबले. खाली आले असते तर तू विचारलं असतंस, "मावशीला कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी तू कात्रीला तोडलंस. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. फक्त तिलाच माहीत होतं, आणि आई दर महिन्याला तिच्याकडेच केस कापायला जाते. दोन आणि दोन चार. शाळेच्या बाकापासूनची मैत्रीण, आणि तू तिच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर म्हणालीस, "तुझी कात्री केसांपुरती ठेवायची होतीस." हे मला तिनेच सांगितलं. एप्रिलमध्ये बसस्टॉपवर भेटली होती. म्हणाली, "मी नाही गं सांगितलं. तू तरी बोल तिच्याशी." मी म्हटलं, "बोलते." तिने माझा हात दाबला. मी बसमध्ये चढले, खिडकीतून तिला हातही केला.

मी बोलले नाही.

आता वर जे लिहिलं तेही दुरुस्त करते. तुझा नवा पत्ता माझ्याकडे नाही, हे खोटं. जूनमध्ये तू भुवयांची पेन्सिल मागवलीस. कुठे राहायला गेलीस ते बघायला मी सातव्यांदा फाइल उघडली. इमारत, मजला, दाराचा नंबर सगळं पाठ आहे. पण तू तो मला दिलेला नाहीस, म्हणून हे पत्र शाळेत येतंय. उशिराचं शहाणपण आहे, माहीत आहे मला.

फाइल कुणी उघडली याची जी यादी तुला मिळेल तीत नावं नसतात, फक्त कामावरच्या माणसांचे नंबर. चार नंबर दोनदा, तो गोदामातला. अकरा नंबर तीनदा, ती फोनवरची मुलगी. एकोणीस नंबर सात वेळा. बुधवारचा पूर्ण दिवस मी यादी तशीच ठेवून बसले. एकोणीस म्हणजे कुणीही असू शकतं. हिशेबवाला, पार्सलवाला. पाठवून दिली असती तर तुला कधी कळलं नसतं, आणि कात्री आयुष्यभर गुन्हेगार राहिली असती.

शुक्रवारी मी मोठ्या मॅडमकडे गेले आणि एकोणीस म्हणजे मी, आणि ही माझी सख्खी बहीण, असं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. कागद पुढे केला, माझी चार वर्षांपूर्वीची सही दाखवली. मग माझं ओळखपत्र काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. चौकशी होईल, नोकरी बहुतेक जाईल. तुझं काम दुसऱ्या मुलीकडे दिलंय, फोटो तिनेच माझ्यासमोर वेगळे काढून ठेवले. तुला एकदा पाठवून झाले की पुसले जातील. माझ्या डोळ्यांतून कसे पुसायचे ते मात्र मला माहीत नाही.

काल कात्रीच्या दुकानात गेले. ती एकीचे केस वाळवत होती. मी तिथेच उभ्याउभ्या सगळं सांगितलं, गिऱ्हाइकासमोर, कारण तिची बेअब्रूही गिऱ्हाइकांसमोरच झाली होती. तिने ड्रायर बंद केला, ऐकून घेतलं. म्हणाली, "मला काय सांगतेस? तिला सांग." ड्रायर पुन्हा सुरू केला. मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून ओरडली, "विग दोन महिन्यांनी धुवायचा असतो म्हणावं. मार्चनंतर कुणी धुतला असेल तिचा?" ताई, माझ्याकडे येऊ नकोस, तिच्याकडे जा. मंगळवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही जा.

माफी मागायची नाही असं ठरवून बसले होते, कारण मागितली की तुला ती द्यायची की नाही याची चिंता, म्हणजे पुन्हा तुझ्याच डोक्याला ताप. पण मागतेय. माझ्याकडून राहवत नाही. द्यायचीच असं काही नाही.

एक राहिलं. फाइलमध्ये फोनचं रेकॉर्डिंगही जोडावं लागतं, आणि जोडण्याआधी पूर्ण ऐकावं लागतं. गुरुवारी ऐकलं. सहा फेब्रुवारीचं, तू फोन करायच्या तीन दिवस आधीचं. विगचा आकार सांगताना तुला रडू आलं. अकरा नंबरची मुलगी चांगली आहे, तिने घाई केली नाही. तिने विचारलं, "घरी कुणाला माहीत आहे का, मॅडम?" तू नाक पुसलंस, तो आवाजही त्यात आहे. मग म्हणालीस, "मैत्रिणीला माहीत आहे. घरच्यांपैकी पहिलं धाकटीला सांगणार आहे. जरा चोमडी आहे, पण माझी गोष्ट असली की पोटात ठेवते."

हे तुझ्याकडे येणारच आहे. मी आधी ऐकलंय, एवढं तुला माहीत असावं.

तुझी,
चोमडी
(यादीतला एकोणीस नंबर)