राजशेखरचा हर्निया

मुरगूड, १० जानेवारी १९९९

चि. राजशेखर यास अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आमच्या शांभवीच्या साखरपुड्याला सगळं गणगोत आलं, मामाच तेवढा गायब! तुझा शिवशरण म्हणाला, हर्नियाच्या ऑपरेशनला सात आठवडे झाले तरी बाबा उंबरा ओलांडत नाहीत. असला कसला रे नाजूक हर्निया? खरं काय ते कळव. मला झोप नाही.

तुझी वाट बघणारी,
अक्का

मंगळवार पेठ, कोल्हापूर, १३ जानेवारी

ती. अक्कास राजशेखरचा शि. सा. नमस्कार.

हर्निया नव्हता. मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. शिवशरणला खोटं बोलायला मीच लावलं. गाठ काढली, पण पोटावर पिशवी लावलीय, संडास तीतच होते. पाहुण्यांत वास सुटला असता तर? मला माझीच किळस येते.

रोग आसपासच्या गाठींतही सापडला. परत उलटू नये म्हणून डॉक्टर सहा महिने केमोथेरपी घ्या म्हणतात. पिशवी त्यानंतरच काढणार. सोमवारी उत्तर द्यायचंय. मी नकोच म्हणणार आहे. दवाखान्यात गळ्यातलं इष्टलिंग उतरवलं, ते अजून बांधलेलं नाही. असल्या अंगावर आणखी सहा महिने कसं बांधू?

सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. तेही मी लपवलं.

क्षमा करशील ना?
राजशेखर

मुरगूड, १५ जानेवारी

चि. राजशेखर यास आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग संतापले. आपल्या लिंगायतांत इष्टलिंग धारण केलेल्याला विटाळ नसतो, हे लहानपणापासून ऐकतोय की आपण! माझ्या बाळंतपणात, अप्पा वारले तेव्हा कुणी उतरवलं होतं? तू कुठला सोवळा निघालास? अंघोळ कर आणि बांध.

आता माझं ऐक. दिवाळीपासून मला संडासवाटे रक्त पडतंय. मूळव्याध समजून गप्प बसले. सुनेला कुठल्या तोंडानं सांगायचं? तू नको म्हणालास, तर मीही डॉक्टरकडे जाणार नाही. सांगून ठेवते.

तुझ्यावर जीव असलेली,
अक्का

मंगळवार पेठ, १८ जानेवारी

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

आज सकाळी लिंग बांधलं. मग दवाखान्यात जाऊन केमोला होकार दिला. गुरुवारी पहिलं इंजेक्शन. त्याच दिवशी तुझी तपासणी ठरवलीय. शिवशरण बुधवारी तुला आणायला येतोय.

तुला दिवाळीपासून रक्त पडतंय म्हणून डॉक्टरांना सांगितलं. बहिणीला तेव्हाच का आणलं नाही, असं त्यांनी विचारलं. माझी लाज राखायला मी तुझे सात आठवडे घालवले, अक्का.

हवं तेवढं रागव, पण ये.
तुझा,
राजशेखर