नेटल कोणी धरायची

मानपाडा, डोंबिवली
७ मार्च १९८८

ती. स्व. भाऊकाकांस शेवंतीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही चपला शोधत होतात, तेव्हाच आबांनी दारात, मला बघायला मोहने गावाहून आलेल्या पाहुण्यांच्या हातात लग्न ठरल्याचा नारळ दिला. मी रिकाम्या बशा घेऊन उभी होते. लग्नानंतर मी टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी सोडणार, असं ठरवून पाहुणे जिना उतरले.

तुम्हाला एकच वाक्य बोलायचं होतं: मुलगी नोकरी सोडणार नाही. बोलणी थोरल्याने करायची, मुलीने आत थांबायचं, आणि आबा तुमच्या शब्दाबाहेर नाहीत, म्हणून तुम्हाला लिहिलेलं. तुम्ही उत्तर दिलंत की इंग्रज 'ग्रास्प द नेटल' म्हणतात. नेटलचं झुडूप भीतभीत शिवलं तर हाताची आग होते, घट्ट मुठीत धरलं तर काही होत नाही. मला धीर आला.

मग बैठकीत तुम्ही पोह्यांची दुसरी बशी घेतलीत आणि गुलाबाचा दाखला काढलात. मुलगी गुलाब, नोकरी म्हणजे तिचे काटे, घ्यायचा तर काट्यांसकट घ्या. मुलाचे वडील म्हणाले, काटे आम्ही काढून घेऊ, मास्तर. तुम्हीही हसलात.

नोकरीला काटा कुणी म्हणायला सांगितलेलं? आता मोहन्याला एक पत्र टाका. मराठीत टाका.

काकूंना नमस्कार. लोभ आहे, सध्या जरा कमी आहे.
शेवंती


वर्तकनगर, ठाणे
१० मार्च १९८८

चि. शेवंतीस अनेक आशीर्वाद.

पत्र झोंबलं. तुझ्या काकूने ते मोठ्याने वाचलं आणि पोह्यांपाशी थांबून माझ्याकडे पाहिलं.

गुलाबाचा दाखला माझ्या नववीच्या वर्गाला दरवर्षी कळायचा. रेयॉन कंपनीतल्या फोरमनला कळू नये, याला मी काय करू? पत्र लिहायला बसलो होतो. पण नारळ दिल्यावर लगेच असं लिहिणं बरं दिसत नाही. संसार म्हणजे 'बेड ऑफ रोझेस' नव्हे, हे इंग्रजांनीही मान्य केलं आहे. नवरामुलगा परशुराम शांत आहे. लग्नानंतर हळूहळू वळेल.

तू मात्र स्वतः मोहन्याला जाऊ नकोस. मुलीने जायची रीत नाही.

रागात असलीस तरी आशीर्वाद ठेवून घे.
भाऊकाका


मानपाडा, डोंबिवली
१५ मार्च १९८८

ती. स्व. भाऊकाकांस शि. सा. न.

रविवारी संध्याकाळी मी मोहन्याला गेले. परशुरामचे वडील दारात खुर्ची टाकून बसलेले. मी सांगितलं, नोकरी राहील. त्यांनी विचारलं, काका का नाही आले. मी म्हटलं, ते झुडपांची नावं शिकवतात, हात लावत नाहीत.

परशुराम पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. मी त्याला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. त्याने वडिलांकडे पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला. तुम्ही म्हणालात तसा शांत आहे.

घरी येऊन आबांना सांगितलं. ते न जेवता झोपले.

घट्ट धरली की नेटल भाजत नाही, हे खोटं आहे, काका. भाजतेच. नववीच्या मुलांना तेवढं सांगायला हवं होतं.

लोभ ठेवा, दाखले राहू द्या.
शेवंती

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी मोहन्याहून एक माणूस येऊन नारळ परत देऊन गेला. आईने तो फोडला आणि चटणी वाटली. मी डबा घेऊन ड्यूटीवर गेले.